पैनगंगेच्या दोन काठांवरचे आंध

वऱ्हाडात १८८१ साली जनगणना झाली तेव्हा तिथल्या जातीजमातींविषयी लिहिणाऱ्या किट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आंध जमातीबद्दल एक गोष्ट नमूद केली. हे लोक अजूनही हैदराबादच्या मुलखातून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात येत असतात, अशी ती नोंद. त्याच्या दृष्टीने ते परमुलखातून आलेले लोक होते. पण नदी ओलांडणाऱ्या माणसाला मुलूख बदलल्यासारखे वाटत होते का? कळमनुरीच्या बाजूच्या वाडीतला आंध शेंबाळपिंपरीच्या बाजूला जायचा तो सोयरिकीला, पेरणीला, नाहीतर बाजाराला. पलीकडे त्याची मावशी होती, त्याचाच देव होता, तोंडात बोली तीच होती. परमुलूख कागदावर होता, आणि तो कागद जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता.

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर अंगाला पैनगंगा वाहते. तिच्या दक्षिणेला सेनगाव आणि कळमनुरी हे तालुके, उत्तरेला वाशीम आणि यवतमाळ. औंढा नागनाथच्या डोंगरापासून कळमनुरीच्या माळापर्यंत, आणि नदीपलीकडे पुसद, महागाव, उमरखेडच्या टेकड्यांत आंधांची गावे आणि वाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ही जमात पावणेपाच लाखांच्या घरात आहे. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली यांची नावे महाराष्ट्राला पाठ आहेत. आंधांचे नाव मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ सोडला तर फारसे कानावर पडत नाही. पडले तरी लिहिताना काना गळतो आणि 'आंध'चे 'अंध' होते. जमातीचा दाखला हातात असलेल्या माणसाला विचारा, त्या एका कान्याचे मोल तो सांगेल.

या जमातीच्या इतिहासात राजे नाहीत, लढायांची यादी नाही. पण इतरांनी केलेल्या तहांचे, कायद्यांचे आणि याद्यांचे ओझे या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले. मला इथे सांगायची आहे ती त्या ओझ्याची हकीकत, आणि तिची सुरुवात हिंगोलीच्या छावणीपासून होते.

हैदराबादच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक फौज उभी केली. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जंट हे नाव मिळाले. पेशवाई बुडाली त्या धामधुमीत पैनगंगेच्या खोऱ्यातल्या हटकर नायकांनी निजामाला आणि इंग्रजांना जुमानणे सोडले होते. त्यांतला मोठा पुढारी नोवसाजी नाईक. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या फौजेने नोवसाजीच्या नाव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तट पाडला आणि महिनाअखेरीस किल्ला घेतला. आतली बरीचशी शिबंदी अरबांची होती. ती शेवटपर्यंत लढली आणि बहुतेक कापली गेली. या डोंगराळ मुलखावर कायमची नजर ठेवायला हिंगोलीला कंटिन्जंटची छावणी पडली. ती १९०३ पर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे तिथे होती.

हटकर वेगळे, आंध वेगळे. नाव्ह्याच्या लढाईत आंध कुठे होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि मीही ते रचून सांगणार नाही. पण ही छावणी आंधांच्या नशिबाशी एका वेगळ्याच वाटेने जोडली गेली. फौज इंग्रजांच्या तालावर चालायची, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून द्यायचा. तिजोरी रिकामी होती. थकबाकी आणि कर्ज वाढत गेले, आणि शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. लॉर्ड डलहौसीचा तो काळ. धाराशिव आणि रायचूर दुआबही तेव्हा दिले होते, ते १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड परत मिळाले नाही. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले.

अशा रीतीने हिंगोलीत तळ ठोकून बसलेल्या पलटणींच्या पगारापायी हिंगोलीच्या उत्तरेची नदी सरहद्द झाली. दक्षिण काठ निजामाचा, उत्तर काठ कंपनी सरकारचा आणि पुढे राणीचा. एकाच जमातीची घरे दोन सरकारांत वाटली गेली. त्यांना विचारायला कोणी गेले नाही. सरहद्दी आखताना तिथल्या माणसांना विचारण्याची रीत त्या काळात नव्हतीच.

काही वर्षांत दोन्ही काठांचे दिवस वेगळे झाले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू असताना मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वऱ्हाडात रयतवारी मोजणी झाली, जमिनीवर कुणब्याचे नाव चढू लागले, निंदायला आणि वेचायला हात कमी पडू लागले. दक्षिण काठावर देशमुख, इनामदार आणि सावकारांच्या शब्दाला कायद्याचे वजन होते. पैनगंगा उन्हाळ्यात पायी ओलांडता येते. लोक ओलांडू लागले. किट्स यांनी पाहिले ते हेच. पोट भरायला निघालेला माणूस त्यांना परमुलखातून आलेली जमात वाटला. त्यात त्यांची मोठी चूक झाली असे मी म्हणणार नाही, त्यांच्या हातात नकाशाच तसा होता.

आंधांचे जुने जीवन थोडे तपशिलात दिसते ते रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात. तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. (हा रसेल वेगळा, मुलकी खात्यातला. फौज उभारणारा रेसिडेंट त्याच्या शंभर वर्षे आधीचा.) १९११ मध्ये वऱ्हाडात आंधांची संख्या बावन्न हजार होती, मुख्यतः यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत. नदीच्या दक्षिणेचे, म्हणजे आजच्या हिंगोली आणि नांदेडचे आंध या आकड्यात नाहीत. ग्रंथ मध्य प्रांताचा आणि वऱ्हाडचा होता, तो नदीपर्यंतच पाहू शकत होता.

पण जे पाहिले ते मोलाचे आहे. आंधांची कुळे पुष्कळ, आणि बहुतेक नावे मराठी. काही गावांवरून पडलेली, काही प्राण्यांवरून आणि झाडांवरून. डुकरे, टिटवे, वारुळावरून आलेले डुमरे. वाघमारे कुळाच्या नावाचा अर्थ वाघ मारणारा असा लावा किंवा ज्याला वाघाने मारले तो असा लावा, त्या कुळाची माणसे वाघाला पूज्य मानत. जमातीचे दोन भाग होते, वरताटी आणि खालताटी. दोघे एका पंगतीला बसत, पण सोयरीक करत नसत. ग्रंथकारांनी वरताटींना शुद्ध आणि खालताटींना लेकावळे म्हटले आहे. जमातीतल्या जमातीत वरचा-खालचा भेद होता हे यातून दिसते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

शिकारीची त्यांची पद्धत मला फार बोलकी वाटते. बंदूक नाही, धनुष्यबाणाचा उल्लेखही नाही. रानात जाळी लावायची, वाघूर म्हणतात तशी, आणि हाका घालून जनावर तिच्यात ओढायचे. हरणे, ससे, रानडुकरे, रोही. जाळ्यात सापडले की काठ्या आणि दगडांनी मारायचे. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. वाडीतली सगळी माणसे लागतात, जाळे विणणारा, हाकणारा, दबा धरून बसणारा, आणि वाटे करणारा. ओढ्याला बांध घालून मासे धरायचे. पक्षी मात्र धरायचे नाहीत. का, ते ग्रंथात नाही. पण ज्या जमातीत टिटवे हे कुळ आहे तिथे पाखरांशी काही नाते असणार, असे माझे मन सांगते.

पंचायत होती. तिचा प्रमुख मोहतऱ्या, आणि त्याच्या हाताखाली दोन कारभारी, फोपट्या आणि डुकऱ्या. जमातीच्या नियमाविरुद्ध कोणी वागले की डुकऱ्या त्याला बोलावून आणायचा. दंडाच्या जेवणात वापरलेली मडकी त्याच्या वाट्याला जायची. फोपट्याला नवे कापड मिळायचे. मोहतऱ्या गावोगाव फिरून निवाडे करायचा आणि दंडातला हिस्सा घ्यायचा. न्यायदानाची ही फिरती व्यवस्था दोन सरकारांच्या कचेऱ्यांपासून दूर, लोकांच्या खर्चाने आणि लोकांच्या भाषेत चालत होती. दंडाचा शेवट जेवणात व्हायचा, म्हणजे चुकलेल्या माणसाला पुन्हा पंगतीत बसवून घ्यायचे. कोर्टात दंड भरून माणूस सुटतो. इथे तो परत यायचा.

देव म्हणाल तर खंडोबा, कान्होबा, मरीआई. आसपासच्या कुणब्याच्या घरातही हेच देव. दिवाळीच्या दिवसांत दंडार, बाकी दिवसांत भजन. हिंगोली तालुक्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि औंढ्याचे नागनाथ मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्यामुळे वारकरी वळण डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोचणे स्वाभाविकच होते. १९१६ च्या ग्रंथात असेही म्हटले आहे की चालीरीतींवरून हे लोक मूळचे आदिवासी आहेत हे उघड आहे, पण ते झपाट्याने बदलत आहेत आणि काही भागांत त्यांना कुणब्यांपासून वेगळे ओळखणे अवघड झाले आहे. हे वाक्य पुढच्या शंभर वर्षांत आंधांच्या फार आड आले. ते कसे, ते पुढे येईल.

नावाचा उलगडा म्हणून ग्रंथकारांनी आंध्र देशाकडे बोट दाखवले. सातवाहनांना पुराणांत आंध्र म्हटले आहे, त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, तेव्हा आंध हे आंध्रांचे वंशज असावेत असा तर्क. स्वतः रसेलनेही त्यात शंका ठेवली आहे. परप्रांतातून आलेल्यांना लोक त्या प्रांताच्या नावाने हाक मारतात, तसे हे नाव नंतर पडलेले असू शकते असे तो म्हणतो, आणि तिकडे मद्रास इलाख्यात आंध नावाची जात सापडत नाही हेही नोंदवतो. आज समाजातले काही तरुण सातवाहनांशी नाते अभिमानाने सांगतात. त्यांच्या अभिमानाचे कारण मला समजते. पण एका अक्षरसाम्यावर उभा केलेला वंशवृक्ष मला पटत नाही, आणि जाळ्यांनी शिकार करणाऱ्या, ओढ्याला बांध घालणाऱ्या, पंगतीत न्याय करणाऱ्या माणसांना मोठे ठरवण्यासाठी राजघराण्याची गरज आहे असे तर मुळीच वाटत नाही.

इथे मला सैबेरियातल्या खांती लोकांची आठवण होते. ओब नदीच्या खोऱ्यातली ही मासेमार आणि शिकारी जमात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रशियाचा अंमल तिथे पोचला आणि त्यांच्यावर कातड्यांचा कर बसला. बाहेरचे त्यांना ओस्त्याक म्हणत. ते स्वतःला खांती म्हणत, पण १९३० मध्ये त्यांच्या मुलखाचा स्वतंत्र जिल्हा झाला तोही ओस्त्याक या परक्या नावाने. त्यांच्या स्वतःच्या नावाला नकाशावर जागा मिळाली ती नंतर. आंधांत वाघ, तसे खांतींत अस्वल पूज्य. मारलेल्या अस्वलाला पाहुण्याचा मान देऊन त्याच्यापुढे कित्येक रात्री गाणी आणि नाट्ये चालतात. १९३० च्या दशकात सरकारने त्यांची मुले निवासी शाळांत नेली, शमानांवर निर्बंध घातले, तेव्हा कझीम नदीकाठच्या लोकांनी उठाव केला आणि तो मोडला गेला. १९६० च्या दशकात त्यांच्या दलदलीखाली तेलाचे साठे सापडले आणि ते आपल्याच भूमीत मूठभर उरले. २०१० च्या रशियन जनगणनेत खांती सुमारे एकतीस हजार होते, आणि त्यांची भाषा बोलणारे दहा हजारांच्याही आत.

भाषा विरळ झाली, पण खांतींना वेगळे म्हणून ओळखायला ती अजून साक्षीला उभी आहे. हंगेरियन भाषेशी नाते सांगणारी, शेजारच्या रशियनहून पूर्ण निराळी. आंधांची गोष्ट इथे वेगळी होते. ते मराठीच बोलतात. स्वतःची निराळी भाषा नाही, म्हणून बाहेरच्याला ते निराळे दिसत नाहीत. मराठीत बोलणारा, खंडोबा पुजणारा, कुणब्यासारखे धोतर नेसणारा माणूस आदिवासी कसा, हा प्रश्न त्यांना कितीदा विचारला गेला असेल याची मोजदाद नाही.

निजामाच्या राजवटीतला काळ मी थोडक्यात आटोपतो. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मराठवाडा आणि वऱ्हाड दोन्ही होरपळले, तेव्हा नदीने कोणाला वाचवले नाही. १९०५ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली, बासीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तीच नदी पुन्हा कामी आली, पण उलट्या अर्थाने. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली माणसे उत्तरेला गेली आणि उमरखेडला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा कॅम्प उभा राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती दिली. पंचाण्णव वर्षांची सरहद्द गेली असे वाटले.

ती गेली नव्हती. ६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींविषयीचा आदेश निघाला. प्रत्येक राज्याची यादी निराळी होती. हैदराबाद राज्याच्या यादीत आंध सगळ्यांत पहिले, वर्णक्रमाने असेल, पण पहिले. परभणी, नांदेड, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, राज्यात कुठेही राहणारा आंध अनुसूचित जमातीचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, म्हणून कळमनुरी, औंढा, सेनगावचे आंध यादीत आले.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या यादीतही आंध हे नाव होते, पण नावापुढे तालुके होते. अमरावतीतला मेळघाट, चांद्यातले गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळमधले केळापूर, वणी आणि यवतमाळ. या तालुक्यांत राहणाराच आदिवासी. पुसद नाही. उमरखेड नाही. वाशीम, अकोला, बुलढाणा नाही. म्हणजे १९११ मध्ये ज्या जिल्ह्यांत बावन्न हजार आंध मोजले होते, त्यांतल्या बहुतेक भागाला यादीने बाहेर ठेवले. पैनगंगेच्या दक्षिण काठावरचा आंध आदिवासी होता, उत्तर काठावरचा नव्हता. १८५३ चा तह १९५० च्या आदेशात तसाच उतरला होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नदीच्या दोन्ही बाजूंना एकच राज्य, एकच विधानसभा, एकच मुख्यमंत्री. याद्या मात्र जुन्याच राज्यांच्या हद्दीप्रमाणे चालू राहिल्या. कळमनुरीची लेक पुसद तालुक्यात दिली की तिच्या माहेरचे भाचे वसतिगृहाला आणि शिष्यवृत्तीला पात्र, तिची स्वतःची मुले अपात्र. आत्या आणि मामाची मुले एकाच लग्नात जेवायला बसत आणि त्यांतली अर्धी सरकारला आदिवासी म्हणून ठाऊक नसत. नोकरीचे, शिक्षणाचे, जमिनीचे जे काही संरक्षण होते ते नदीच्या पाण्यापाशी थांबायचे.

यात काही चुकते आहे हे राज्य सरकारला कळत होते, याचा पुरावा कायद्यातच आहे. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी वाचवण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बदल झाले, तेव्हा कलम ३६ मध्ये एक खुलासा घातला गेला. त्याचा सरळ अर्थ असा, की जे लोक यादीतल्या जमातीचे आहेत पण यादीतल्या भागात राहत नाहीत, त्यांनाही या संरक्षणाची गरज आहे आणि या कलमापुरते त्यांना अनुसूचित जमातीचेच मानावे. जमीन विकण्यापुरते का होईना, पुसदच्या आंधाला राज्याने आपल्या नावाने हाक मारली. याद्यांवरचे क्षेत्रबंधन उठवणारा कायदा संसदेने १९७६ मध्ये केला आणि तो २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. त्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांचे आंध कागदावर पुन्हा एक झाले. सत्तावीस वर्षे गेली होती. १९५० मध्ये शाळेत जाण्याच्या वयाचे असलेले मूल तोवर मुलाबाळांचे झाले होते.

आणि एकत्र येताच पुढचा प्रश्न उभा राहिला. बंधन उठल्यावर जमातीच्या नावाचे दाखले वाढले, त्यांत खोटेही आले, आणि पडताळणी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, आणि महाराष्ट्राने २००० सालच्या कायद्याने ती पक्की केली. खऱ्या आदिवासींची जागा कोणी लाटू नये म्हणून हे आवश्यक होते, यात शंका नाही. पण त्यात आप्तभाव चाचणी नावाचा भाग होता. अर्जदाराला जमातीचे देव, सण, लग्नाच्या रीती, बोलीतले शब्द विचारायचे आणि ते जुन्या ग्रंथांतल्या वर्णनाशी जुळतात का ते पाहायचे. ज्या जमातीबद्दल १९१६ मध्येच लिहिले गेले की ती कुणब्यांपासून ओळखू येत नाही, तिच्या पणतूने फोपट्या आणि डुकऱ्या कोण ते कसे सांगावे? पंचायतीची जागा सरपंचाने आणि पोलीस पाटलाने घेतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रोही आणि हरणावर जाळे टाकणे हा गुन्हा ठरला. इसापूर धरणात पैनगंगेचा जुना काठच पाण्याखाली गेला, उतार गेले, त्या उतारांच्या वाटा गेल्या. रीत विसरलेला माणूस खोटा नसतो. त्याच्याकडून ती रीत काढून घेतली गेलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ ला ठाकूर जमातीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी धरता येणार नाही. स्थलांतराने, शिक्षणाने, शेजाराने माणसांच्या चालीरीती बदलतात, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली. हा निकाल ठाकुरांचा असला तरी आंधांच्या घरात तो जपून ठेवण्यासारखा आहे.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती समजायला नांदेडच्या किनवटकडे पाहावे लागेल. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आदिलाबादच्या गोंडांनी कुमराम भीमच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी आणि जंगलासाठी झगडा केला आणि १९४० मध्ये जोडेघाटला भीम गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला बोलावले. त्यांच्या अहवालांतून आदिवासी भागासाठी स्वतंत्र नियम आले, गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतर तो पट्टा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत अनुसूचित क्षेत्र म्हणून गेला. किनवट महाराष्ट्रात आले ते हे संरक्षण घेऊन आले. भीमच्या रक्ताने मिळालेल्या त्या छत्राखाली किनवटचे आंधही आहेत.

हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. तिथे जोडेघाट घडले नाही, हायमेनडॉर्फ आले नाहीत, अहवाल झाला नाही. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे साडेनऊ टक्के होता, म्हणजे एक लाखाहून अधिक माणसे, आणि त्यांत आंध सर्वाधिक. पण जिल्ह्यातले एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून ग्रामसभेला जमिनीवर, गौण वनोपजावर आणि गावाच्या कारभारावर अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा किनवटच्या आंधांना लागू आहे, कळमनुरीच्या आंधांना नाही.